सर्वांत कमी दराचं कोटेशन कोणाच्या जिवावर?

पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी भरून वाहायला लागली. तळमजल्यावरच्या दोन घरांच्या बाथरूममध्ये उलटं पाणी यायला लागलं, तेव्हा कमिटीची तातडीची मीटिंग झाली. चाळीस फ्लॅटची इमारत, निम्म्याहून जास्त कुटुंबं बौद्ध. ऑफिसच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो. टेबलावर तीन कोटेशन होती. दोन टँकरवाल्यांची आणि एक साध्या ठेकेदाराचं. ठेकेदाराचा दर चार हजार रुपयांनी कमी होता आणि खाली लिहिलं होतं, ‘माणूस उतरवून टाकी तळापर्यंत साफ करून मिळेल.’

सेक्रेटरी काका म्हणाले, "हाच बरा दिसतोय. टँकरवाले वरवरचं ओढून निघून जातात."

कोणी हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर माझीही पहिली नजर आकड्यावरच गेली होती. मग खालची ओळ वाचली आणि विचारलं, "काका, उतरणारा माणूस कोण असेल?" काका म्हणाले, "ते ठेकेदार बघेल ना."

‘ते ठेकेदार बघेल’ या तीन शब्दांवर आपल्या देशातली गटार आणि सेप्टिक टाकी सफाई चालते. चार हजार भागिले चाळीस म्हणजे फ्लॅटमागे शंभर रुपये. याच सोसायटीत १४ एप्रिलला एका घरातून त्याच्या कितीतरी पट वर्गणी हसत हसत दिली जाते. मग टाकी उपसताना शंभर रुपये वाचवण्यासाठी आपण एका अनोळखी माणसाला विषारी वायूत उतरवायला तयार कसे होतो? हा प्रश्न मी इतरांना विचारण्याआधी आपल्याच लोकांना विचारतेय, कारण आता आपणही फ्लॅटमालक आहोत, कमिटीवर आहोत, कोटेशनवर सही करणारे आहोत.

मरणाचा पत्ता बदलला आहे

गटारातला मृत्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचं मॅनहोल आणि महापालिकेचा कामगार येतो. आंदोलनंही महापालिकेच्या दारात होतात. ती व्हायलाच हवीत. पण गेल्या काही वर्षांतल्या महाराष्ट्रातल्या घटनांचे पत्ते बघा. डिसेंबर २०१९, गोवंडी : हाउसिंग सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन मृत्यू. मार्च २०२२, पुण्याजवळ लोणी काळभोर परिसर : रहिवासी इमारतीच्या टाकीत चार मृत्यू. ऑक्टोबर २०२२, वाघोली : पुन्हा सोसायटी, तीन मृत्यू. मे २०२३, परभणी जिल्ह्यातलं सोनपेठ : खासगी टाकी, पाच मृत्यू. एप्रिल २०२४, विरार : खासगी गृहसंकुलाचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र, चार मृत्यू.

हे सगळे पत्ते घरांचे आहेत. तिथे काम देणारा कोणी आयुक्त नव्हता.

केंद्र सरकारने करून घेतलेला सोशल ऑडिट जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतल्या ५४ मृत्यूंचा त्यात अभ्यास आहे. या ५४ पैकी ३८ जणांना खासगी, वैयक्तिक पातळीवर कामाला बोलावलं होतं. सरकारी पगारावर फक्त पाच होते. ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचं कसलंच साधन नव्हतं. ४७ प्रकरणांत यंत्र उपलब्धच करून दिलेलं नव्हतं. म्हणजे आज या कामात मरणारा माणूस बहुतेक वेळा कुठल्याच हजेरीपटावर नसतो. त्याला नाक्यावरून फोन करून बोलावलेलं असतं आणि बोलावणाऱ्याला त्याचं पूर्ण नावही माहीत नसतं.

तो कोण असतो हेही सरकारच्याच नोंदीत आहे. ‘नमस्ते’ योजनेखाली देशभरातल्या गटार आणि सेप्टिक टाकी कामगारांची नोंदणी झाली. त्यातले सुमारे दोन तृतीयांश अनुसूचित जातींचे आहेत. आदिवासी आणि ओबीसी धरले तर दहातले नऊ जण होतात. कोटेशनवर जातीचा रकाना नसतो, पण ‘माणूस उतरवून’ या शब्दांत तो माणूस कोणाच्या घरातला असणार हे आधीच ठरलेलं असतं.

जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत उत्तर दिलं की हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. हे शक्य झालं कारण सरकार ‘हाताने मैला उचलणं’ आणि ‘गटार-टाकीची धोकादायक सफाई’ असे दोन वेगळे कप्पे करतं. मृत्यू दुसऱ्या कप्प्यात टाकले की पहिला कप्पा रिकामा दिसतो. मंत्र्यांच्या या उत्तरावर आपण रागावलो आणि ते बरोबरच होतं. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपणही तोच खेळ खेळतो. माणूस आपण उतरवत नाही, ठेकेदार उतरवतो, असं म्हणून आपलाही कप्पा रिकामा ठेवतो.

कायदा कोणाला पकडतो?

हाताने मैला साफ करणारे कामगार म्हणून काम देण्यास प्रतिबंध आणि त्यांचं पुनर्वसन यासाठीचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे महापरिनिर्वाण दिनापासून, लागू झाला. त्याचं कलम ७ प्रत्येक कमिटी मेंबरने वाचायला हवं. कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी कोणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कामाला लावणार नाही, असं ते सांगतं. ‘कोणतीही व्यक्ती’ यात बंगल्याचा मालक येतो, सोसायटीचा सेक्रेटरी येतो. ‘अप्रत्यक्षपणे’ यात ‘ते ठेकेदार बघेल’ येतं.

शिक्षा कलम ९ मध्ये आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मृत्यू झालाच पाहिजे अशी अट नाही. साधनांशिवाय माणूस उतरवला की गुन्हा झाला.

२०१३ च्या नियमांनुसार संरक्षक साधनं देऊनही माणसाला आत उतरवणं हा मोजक्या अपवादांचा विषय आहे. अगदीच गरज असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने लेखी कारणं नोंदवून परवानगी द्यावी लागते. कामगाराचा किमान दहा लाखांचा विमा काढावा लागतो आणि हप्ता मालकाने भरायचा असतो. नेहमीच्या टाकी उपशासाठी ठेकेदार माणूस उतरवायचं म्हणतो, तेव्हा यातलं काहीच झालेलं नसतं.

गोवंडीच्या घटनेतल्या तिघांच्या पत्नींना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. काम खासगी असलं तरी सरकारची जबाबदारी सुटत नाही आणि सरकारने पैसे दिले तरी काम देणारा सुटत नाही, असा त्याचा अर्थ आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलराम सिंह प्रकरणात मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हे काम माणसाकडून करून घेणं थांबवण्याचा आदेशही दिला. निकालांची कमतरता नाही. निकाल आणि आपल्या इमारतीच्या आवारातली टाकी यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस कमी पडतोय.

टाकीत नेमकं काय होतं?

हे आपल्या पोरांना आणि सोसायटीतल्या वडीलधाऱ्यांना सोप्या भाषेत सांगता आलं पाहिजे. बंद टाकीत मैला कुजतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणून ‘वास येत नाही, उतर’ हा सल्ला जीवघेणा आहे. गाळ शांत असताना वायू त्यात अडकलेले असतात. आत उतरून गाळ ढवळला की ते एकदम बाहेर पडतात आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. मग त्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच टाकीत तीन-चार-पाच मृत्यू होतात ते यामुळे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोविडच्या काळातला मास्क यातलं काहीही अडवत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. माणूस उतरवण्याची वेळ का येते? टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. आपण ती दहा-दहा वर्षं विसरतो. गाळ तळाशी घट्ट बसतो, पंपाला ओढता येत नाही. त्यात सॅनिटरी पॅड, प्लॅस्टिक, चिंध्या टाकलेल्या असतात, त्या पाइपमध्ये अडकतात. वर पेव्हर ब्लॉक बसवून झाकणं गाडून टाकलेली असतात. आणि सगळ्यात शेवटी आपला हट्ट असतो : पैसे दिलेत, तर तळ चकाचक दिसला पाहिजे. तळाशी थोडा गाळ राहिला तर टाकीचं काही बिघडत नाही. शेवटचा वीतभर गाळ बादलीने काढून घेण्याच्या हट्टापायी माणूस आत जातो.

एका वस्तीत काम करताना टाकी सफाईला जाणारा एक तरुण मला म्हणाला होता, "ताई, गाडी तर येतीच. पण गाडीनं ओढून झाल्यावर मालक बॅटरी मारून आत बघतो आणि म्हणतो, अजून हाय की रे खाली." टँकर आला म्हणजे प्रश्न मिटला, असं समजणाऱ्यांसाठी हे वाक्य पुरेसं आहे.

विश्वासू ठेकेदार कसा ओळखायचा?

आपल्याकडे विश्वासू ठेकेदार म्हणजे वेळेवर येणारा, कमी पैशांत काम करणारा. मी म्हणते, या कामात विश्वासू ठेकेदार तोच, जो काहीही झालं तरी माणूस उतरवायला नकार देतो. आपण हट्ट धरला तरी नकार देतो. असा माणूस शोधायचा असेल तर काम देण्याआधी हे प्रश्न विचारा.

१. गाडी आणि पंप कसला आहे, पाइप आमच्या टाकीपर्यंत पोहोचेल का? जागा न बघता फोनवर दर सांगणाऱ्यापासून सावध राहा. चांगला ठेकेदार आधी येऊन झाकणं कुठे आहेत, टाकी किती मोठी, शेवटची कधी उपसली हे विचारतो.

२. गाळ घट्ट झाला असेल तर काय कराल? हा खरा परीक्षेचा प्रश्न आहे. ‘जोराने पाणी मारून सैल करू, एखादी फेरी जास्त लागेल’ हे बरोबर उत्तर. ‘मग पोरगा उतरेल’ म्हणाला की चर्चा तिथेच संपवा.

३. नगरपालिकेची किंवा महापालिकेची नोंदणी, परवाना आहे का? कागद बघा, फोटो काढून ठेवा.

४. उपसलेला मैला कुठे नेणार? प्रक्रिया केंद्रावर रिकामा केल्याची पावती मागा. रात्री नाल्यात सोडला तर तो कुठल्या तरी वस्तीच्या दारातूनच वाहणार आहे. ती वस्ती बहुतेक आपल्याच लोकांची असते.

५. कामगार किती, त्यांची नावं काय, विमा आहे का? हातमोजे, गमबूट, वायू मोजण्याचं यंत्र गाडीत आहे का? बाहेर उभं राहून पाइप धरणाऱ्यालाही साधनं लागतात.

६. दर इतका कमी कसा? डिझेल, ड्रायव्हर, विमा, प्रक्रिया केंद्रापर्यंतची फेरी यांचा खर्च सगळ्यांना सारखाच येतो. ज्याचा दर फारच खाली आहे, त्याने यातलं काहीतरी गाळलेलं असतं. बहुतेक वेळा यंत्र गाळून माणूस घातलेला असतो.

मग लेखी वर्क ऑर्डर द्या. त्यात स्पष्ट लिहा की कोणत्याही परिस्थितीत कोणीही टाकीत उतरणार नाही आणि काम अपुरं राहिलं तरी चालेल. मात्र हे वाक्य लिहून आपण मोकळे झालो असं समजू नका. कायद्यातला ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द कागदाने पुसला जात नाही. म्हणून काम चालू असताना कमिटीचा एक माणूस शेवटपर्यंत तिथे उभा हवा. झाकणं आधीपासून उघडी ठेवावीत, लहान मुलं लांब ठेवावीत, जवळ विडी-सिगारेट पेटवू देऊ नये. दुर्दैवाने कोणी आत पडलंच तर त्याच्यामागे कोणीही उडी मारायची नाही. आधी १०१ किंवा ११२ ला फोन. हा नियम कामाला सुरुवात करण्याआधी सगळ्यांना मोठ्याने सांगा.

आपला धम्म आणि आपली टाकी

राजगृहात रस्ते झाडणाऱ्या सुनीताला तथागतांनी भिक्खू संघात घेतलं, ही कथा आपण विहारात मुलांना सांगतो. ज्याच्या सावलीपासून लोक दूर पळत होते, त्याला संघात बरोबरीची जागा मिळाली. दर रविवारी आपण पंचशील म्हणतो आणि पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं आहे. सम्यक आजीविकेत आपण आपल्या कमाईचा विचार करतो. आपण दुसऱ्याला कोणती आजीविका द्यायला लावतो, हाही त्याच विचाराचा भाग आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांनी बाबासाहेबांच्या एका हाकेवर मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावाने बहिष्कार टाकला, उपाशी राहिले, पण सोडलं. घाणीचं काम जातीवर लादणारी व्यवस्थाच त्यांना नको होती. त्यांची नातवंडं फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर तेच काम मेहतर, वाल्मिकी, मातंग किंवा आपल्याच एखाद्या गरीब बांधवाच्या पोरावर लादणार असतील, तर आपण फक्त जागा बदलली. काही जण म्हणतील, हे काम करणारे स्वतःहून तयार होतात. भूक लागलेला माणूस बऱ्याच गोष्टींना तयार होतो. सोशल ऑडिटमधल्या काही प्रकरणांत तर कामगारांची लेखी संमतीही घेतलेली होती, पण धोका समजावून सांगितलेला नव्हता. अशा सहीला संमती म्हणता येत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करायचं?

मृत्यूनंतर निवेदन देणं आपल्याला जमतं. मृत्यूआधीचं काम कंटाळवाणं आहे, पण तेच हवंय. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव मांडा : टाकी ठरलेल्या वर्षी उपसली जाईल आणि कोणीही आत उतरणार नाही. विहाराची, वसतिगृहाची, समाजमंदिराची टाकी कोण आणि कशी उपसतं ते आधी तपासा. नगरपालिकेकडे नोंदणीकृत टँकरवाल्यांची यादी आणि दरपत्रक मागा, नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्यात दक्षता समिती असायला हवी. ती शेवटची कधी बसली, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा. कुठे माणूस उतरवताना दिसला तर १४४२० या हेल्पलाइनवर कळवा आणि पोलिसांनाही.

नगरपालिकेने मनात आणलं तर काय होतं हे वाई आणि सिन्नरमध्ये दिसतं. तिथे ठरावीक मुदतीने घरोघरच्या टाक्या टँकरने उपसण्याची पद्धत सुरू झाली. ठेकेदार नगरपरिषद नेमते, पैसे कराच्या उत्पन्नातून जातात आणि मैला प्रक्रिया केंद्रावर पोहोचतो. टाकी तुंबण्याची वाट बघायची नाही आणि नाक्यावरून माणूस बोलवायचा नाही. वाई-सिन्नरला जमतं ते आपल्या शहराला का जमत नाही, हा प्रश्न निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, मग तो निळा झेंडा घेऊन आला असला तरी.

आणखी एक. ‘नमस्ते’ योजनेत सफाई कामगारांना यंत्र आणि गाडी घेण्यासाठी अनुदानाची तरतूद आहे. जे आज दोर बांधून उतरतात, त्यांनीच गट करून टँकर घेतला आणि आपण कामं त्यांना दिली, तर ठेकेदाराचा नफा त्यांच्या घरात जाईल. त्यांच्या मुलांनी हेच काम करावं असा याचा अर्थ नाही. मुलांना शाळा-कॉलेज, वडिलांना यंत्र आणि मालकी, असं ते असायला हवं. अर्ज भरायला, कागद जमवायला मदत करणं हे आपल्या युवक मंडळांना सहज जमण्यासारखं काम आहे.

आमच्या सोसायटीत शेवटी टँकर आला. दोनऐवजी तीन फेऱ्या झाल्या, म्हणजे खर्च आणखी वाढला. पंप बंद झाल्यावर काकांनी सवयीने टाकीत वाकून बघितलं. तळाशी गाळ दिसत होता. मी त्यांच्याकडे बघितलं. काका थोडा वेळ थांबले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "राहू दे. झाकण लाव." वहीत त्यांनी पुढच्या उपशाची तारीख लिहिली, दोन वर्षांनंतरची. तळमजल्यावरच्या घरात पाणी उलटं येणं थांबलं आणि टाकी उपसायला आलेले तिघेही संध्याकाळी आपापल्या घरी गेले.

तुमच्या इमारतीची टाकी शेवटची कधी उपसली होती? माहीत नसेल तर आजच सेक्रेटरीला विचारा.

जय भीम. नमो बुद्धाय.